तलावाचा गाळ, गायरानातली झाडं, देवराई: गावच्या पर्यावरण कामाला पैसा कुठून मिळतो? अर्जाआधी हे वाचा

मे महिना लागला की बहुतेक गावांत पारावर एकच विषय निघतो. तलावात गाळ भरलाय. पूर्वी उन्हाळ्यापर्यंत पुरणारं पाणी आता संक्रांतीलाच तळाला जातंय, विहिरी उतरल्यात. कोणी म्हणतं गाळ काढू, कोणी म्हणतं गायरानात झाडं लावू. मग एकजण विचारतो, "पैसा कोण देणार?" आणि चर्चा तिथंच थांबते. पाऊस पडला की सगळे पेरणीला लागतात आणि तलाव आणखी एक वर्ष तसाच राहतो.

खरं तर अशा कामांना पैसा देणारी बरीच दारं आहेत आणि त्यातली बहुतेक आपल्याच तालुक्यात किंवा जिल्ह्याच्या गावी आहेत. अर्ज अडतो तो तीन साध्या प्रश्नांवर. जागा कोणाची? ग्रामसभेनं काय ठरवलं? आणि काम झाल्यावर ते राखणार कोण? या तिन्हीची उत्तरं कागदावर असतील तर कोणत्याही कार्यालयात बोलता येतं. ती नसतील तर ओळख कितीही मोठी असो, फाईल पुढं सरकत नाही.

पहिलं काम: जागा कोणाची ते काढा

गाव ज्याला "आपला तलाव", "आपलं रान" म्हणतं, ते कागदावर गावाचं असेलच असं नाही. म्हणून प्रस्तावाआधी तलाठ्याकडून (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी) त्या गटाचा सातबारा आणि नकाशा घ्या.

तलाव असेल तर तो कोणत्या खात्याचा हे सिंचन क्षमतेवरून कळतं. १०० हेक्टरपर्यंतची कामं जिल्हा परिषदेकडे असतात. १०१ ते ६०० हेक्टरची राज्याच्या मृद व जलसंधारण विभागाकडे आणि त्याहून मोठी जलसंपदा विभागाकडे. गावाजवळचा पाझर तलाव किंवा गावतळं असेल तर साधारणपणे जिल्हा परिषदेच्या जलसंधारण विभागात चौकशी करावी लागते.

गायरान असेल तर जमीन सरकारची असते, ग्रामपंचायत फक्त तिची व्यवस्था बघते. तिथं झाडं लावायची तर अतिक्रमण आहे का, चराईला किती जागा सोडायची, हे आधी मिटवा. या वादात रोपं लावली तर ती जनावरांच्या तोंडी जातात.

जागा वनखात्याची असेल तर परवानगीशिवाय खड्डासुद्धा खणता येत नाही. गावाला सामूहिक वनहक्क मिळालेला असेल तर गोष्ट वेगळी, त्याबद्दल पुढे दिलंय. देवराई असेल तर ती महसूलची, वनखात्याची, देवस्थानाची की खासगी मालकांची, हे आधी बघा. देवाच्या नावानं राखलेल्या रानात कागदावर बऱ्याचदा अनेक कुटुंबांची नावं निघतात. सगळ्यांची संमती लेखी घ्या.

दुसरं काम: ग्रामसभेचा ठराव, पण नीट लिहिलेला

"तलावाचे काम करण्यात यावे" एवढ्या एका ओळीच्या ठरावाचा उपयोग होत नाही. ठरावात गट नंबर, कामाचं नाव, साधारण मोजमाप, लोकवर्गणी किंवा श्रमदान किती, आणि काम झाल्यावर देखभाल कोणाकडे, एवढं आलं पाहिजे. झाडांचा ठराव असेल तर किमान तीन वर्षं पाणी कोण घालणार आणि राखण कोण करणार तेही लिहा.

वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. रिवाजानं त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास होतात. यातली २ ऑक्टोबरची सगळ्यात महत्त्वाची, कारण पुढच्या वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडा तिथून सुरू होतो. आराखड्यात नाव नसलेल्या कामाला नंतर निधी मागणं फार अवघड जातं. आपल्या गावाचा आराखडा आणि झालेला खर्च केंद्राच्या ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर कोणालाही मोबाईलवर बघता येतो. एकदा उघडून बघा. पाणी आणि झाडं या नावाखाली काय लिहिलंय ते गावात फार थोड्यांना माहीत असतं.

आता दारं: कोणत्या कामाला कुठं जायचं

१) गाळ काढायचा असेल तर

राज्याची "गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार" योजना २०१७ मध्ये आली आणि २०२३ मध्ये अनुदानासह पुन्हा सुरू झाली. २०२३ च्या निर्णयानुसार यंत्र आणि इंधनाचा खर्च गाळ काढणाऱ्या संस्थेला घनमीटरमागे ३१ रुपये दरानं मिळतो. गाळ शेतात नेऊन पसरणाऱ्या अल्प व अत्यल्प भूधारक शेतकऱ्याला घनमीटरमागे ३५ रुपये ७५ पैसे मिळतात. त्याला मर्यादा एकरी १५ हजार रुपये आणि जास्तीत जास्त अडीच एकर, म्हणजे ३७ हजार ५०० रुपये. विधवा, दिव्यांग आणि आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांना जमीन जास्त असली तरी हा लाभ आहे.

हिशोब आपल्या भाषेत असा बसतो. एकरी १५ हजार म्हणजे साधारण ४२० घनमीटर गाळ. एक ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर, म्हणून हा गाळ सुमारे १४८ ब्रास होतो. एकरभर पसरला तर साधारण चार इंचाचा थर बसतो. माळरानाच्या मुरमाड जमिनीला एवढा थर म्हणजे पीक बदलण्याइतका फरक.

लक्षात ठेवा, गाळ शेतासाठी न्यायचा आहे, वाळू उपसायची परवानगी नाही. शिवाय पैसे मोजमापावर मिळतात. काम सुरू होण्याआधी आणि संपल्यावर मोजणी झाली नाही तर अनुदान अडकतं. गाळ नेणाऱ्यांची यादी, गट नंबर आणि खेपांची वही गावानं स्वतः ठेवावी.

२) बांध, चर, रोपवाटिका, वृक्षलागवड असेल तर

इथं पहिलं दार रोजगार हमीचं. महाराष्ट्रात ही कल्पना १९७२ च्या दुष्काळात रुजली. पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्यात जमीन, पाणी आणि झाडांच्या कामांना मोठा वाटा दिला गेला. २०२५ च्या डिसेंबरमध्ये संसदेनं त्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात रोजगाराचे दिवस १०० वरून १२५ केले आहेत आणि पाण्याची कामं वरच्या क्रमांकावर ठेवली आहेत. काम ग्रामपंचायतीच्या आराखड्यातून आलं पाहिजे, ही गोष्ट जुन्यातही होती आणि नव्यातही आहे. दर आणि पद्धत पंचायत समितीच्या रोहयो कक्षात विचारून घ्या.

अंदाजपत्रकासाठी खासगी इंजिनिअर शोधत बसू नका. ग्रामरोजगार सेवकामार्फत मागणी गेली की पंचायत समितीचे तांत्रिक सहाय्यक जागेवर येऊन मोजमाप घेतात. रोजगार हमीचं काम मजुरांवर चालतं, यंत्रावर नाही. म्हणून समतल चर, दगडी बांध, खड्डे, रोपांची जोपासना यांना ही योजना चांगली. पोकलेननं खोल खोदाई करायची असेल तर दुसरं दार बघावं लागतं.

३) ग्रामपंचायतीचा स्वतःचा पैसा

१५ व्या वित्त आयोगाच्या काळात, म्हणजे २०२१ ते २०२६ मध्ये, गावाला आलेल्या निधीतला ६० टक्के हिस्सा बंधित होता. त्यातला निम्मा स्वच्छतेला आणि निम्मा पिण्याचं पाणी, पावसाच्या पाण्याची साठवण आणि पाण्याचा पुनर्वापर यांना. शाळेच्या छतावरचं पाणी विहिरीत सोडणं, सांडपाण्याचे शोषखड्डे, अशी कामं त्यात बसत होती. आपल्या गावात त्यातून काय झालं आणि किती शिल्लक राहिलं, हे ग्रामसेवकांना (आता ग्रामपंचायत अधिकारी) ग्रामसभेत विचारणं हा प्रत्येक मतदाराचा हक्क आहे.

४) पेसा गावं

राज्यातल्या १३ जिल्ह्यांत अनुसूचित क्षेत्र आहे. तिथल्या ग्रामपंचायतींना २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी थेट मिळतो. वन्यजीव संवर्धन, जलसंधारण, वनतळी, वनउपजीविका ही कामं त्याच्या वापराच्या यादीतच आहेत. हा पैसा कशावर खर्च करायचा ते ग्रामसभा ठरवते. बऱ्याच गावांत तो पेव्हर ब्लॉक आणि कमानीवर जातो, कारण पाण्याचं आणि रानाचं काम ग्रामसभेत कोणी मांडतच नाही.

५) जंगलाजवळची गावं

२००६ च्या वनहक्क कायद्यानं गावाला सामूहिक वनसंपत्ती राखायचा, वाढवायचा आणि तिचं व्यवस्थापन करायचा हक्क दिला. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये असा हक्क मिळाला आणि २०११ पासून ग्रामसभा स्वतः बांबू विकू लागली. त्या गावाला दरवर्षी कोणाकडे हात पसरावा लागला नाही, राखलेल्या रानातूनच पैसा आला. वनहक्क मिळालेल्या गावानं आधी व्यवस्थापन आराखडा करावा. आराखडा असला की रोजगार हमी, आदिवासी विकास आणि वन विभाग यांचा पैसा एका कामावर आणता येतो.

वनहक्क नसेल तर संयुक्त वन व्यवस्थापन समिती हे दार आहे. चांगलं रान राखणाऱ्या समित्यांना संत तुकाराम वनग्राम योजनेतून बक्षीस मिळतं. व्याघ्र प्रकल्पाजवळच्या गावांसाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना आहे. याशिवाय कुठं प्रकल्पासाठी जंगल गेलं की त्याच्या भरपाईचा पैसा २०१६ च्या कायद्यानुसार वेगळ्या निधीत जमा होतो आणि त्यातला ९० टक्के राज्याकडे येतो. तो वन विभागच खर्च करतो. गावाला थेट हातात मिळत नाही, पण "आमच्या हद्दीत अमुक कक्षात लागवड व्हावी" अशी मागणी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे ठरावासह करता येते.

६) खाणी असलेले तालुके

खाणपट्टेधारकांकडून जिल्हा खनिज प्रतिष्ठानमध्ये पैसा जमा होतो. खाणीमुळे बाधित गावांसाठी तो असतो. पर्यावरण रक्षण आणि प्रदूषण नियंत्रण हे त्यातलं प्राधान्याचं क्षेत्र आहे. धुळीनं पिकं काळवंडणाऱ्या, विहिरी आटलेल्या गावांनी इथं अर्ज केलाच पाहिजे. पत्ता म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयातली खनिकर्म शाखा. आपलं गाव बाधित गावांच्या यादीत आहे का, ते आधी बघा.

७) नाबार्ड

अख्ख्या पाणलोटाचं काम करायचं असेल, म्हणजे डोंगरमाथ्यापासून ओढ्यापर्यंत, तर नाबार्डचं पाणलोट विकासाचं काम महाराष्ट्रात जुनं आहे. आदिवासी कुटुंबांसाठी फळबागेची "वाडी" योजनाही त्यांचीच. इथं पैसा गावाला एकदम मिळत नाही. गावाची पाणलोट समिती, सोबत अनुभवी संस्था आणि सुरुवातीला श्रमदानातून केलेलं काम, असं सगळं बघून पुढचा टप्पा मिळतो. जिल्ह्यात नाबार्डचे जिल्हा विकास व्यवस्थापक असतात. जिल्ह्याच्या अग्रणी बँकेत चौकशी केली तर त्यांचं कार्यालय सापडतं.

८) जैवविविधता समिती

२००२ च्या कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिच्याकडे लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. बहुतेक गावांत समिती कागदावर आहे आणि नोंदवही कपाटात. देवराई, जुनी तळी, गावठी बियाणं, पक्षी यांचं काम करायचं असेल तर ही वही बाहेर काढा आणि म्हाताऱ्या माणसांकडून दुरुस्त करून घ्या. राज्य जैवविविधता मंडळ नागपूरला आहे. समितीला स्थानिक निधी ठेवता येतो आणि आपल्या हद्दीतून व्यापारासाठी जैविक वस्तू गोळा करणाऱ्यांकडून शुल्क घेता येतं. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथल्या जंगली जायफळाच्या राईला जैविक वारसा स्थळाचा दर्जा मिळालाय. असा दर्जा मिळाला की त्या जागेसाठी बोलायला गावाच्या हातात कायद्याचा आधार येतो.

९) माझी वसुंधरा

२ ऑक्टोबर २०२० पासून सुरू झालेलं हे अभियान म्हणजे स्पर्धा आहे. भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश या पाच भागांत गुण मिळतात. नंबर आलेल्या ग्रामपंचायतींना मोठी बक्षिसं मिळतात आणि ती रक्कम पर्यावरणाच्या कामावरच खर्च करायची असते. इथं आधी काम आणि मग पैसा, म्हणून सुरुवातीच्या भांडवलासाठी यावर विसंबू नका. केलेल्या कामाचे फोटो आणि नोंदी मात्र ठेवत चला.

कंपन्यांचा पैसा: सीएसआर म्हणजे काय?

२०१३ च्या कंपनी कायद्यातल्या कलम १३५ नुसार ठराविक मोठ्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकामावर खर्च करावी लागते. कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १ हजार कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी असलं तरी नियम लागू होतो. म्हणजे सरासरी १० कोटी नफा असलेल्या कंपनीला वर्षाला २० लाख खर्चावे लागतात. पर्यावरण, झाडं-प्राणी, शेतवनीकरण, माती-पाण्याची गुणवत्ता ही कामं या यादीत आहेत. कंपनी जिथं चालते त्या भागाला प्राधान्य द्यावं, असंही कायदा म्हणतो.

म्हणून मुंबई-पुण्यातल्या मोठ्या नावांना पत्रं पाठवण्याआधी आपल्या जवळची एमआयडीसी, साखर कारखाना, सूतगिरणी, पवनचक्की, सौर प्रकल्प आणि सिमेंट कंपनी बघा. यातल्या सहकारी संस्थांना हे कलम लागू नाही, ते कंपन्यांनाच लागू आहे. कोणत्या कंपनीनं कोणत्या जिल्ह्यात किती खर्च केला, हे केंद्र सरकारच्या सीएसआर संकेतस्थळावर दिसतं. आपल्या जिल्ह्यात आधीच पाण्यावर खर्च करणारी कंपनी सापडली तर तिच्याकडं जाणं सगळ्यात सोपं.

कंपनी सहसा गावच्या मंडळाच्या खात्यात पैसे टाकत नाही. एक तर ती स्वतः काम करून देते किंवा नोंदणीकृत संस्थेमार्फत करते. १ एप्रिल २०२१ पासून अशा संस्थेला सीएसआर-१ हा फॉर्म भरून नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. आयकराची १२ए आणि ८०जी नोंदणी आणि तीन वर्षांचा कामाचा अनुभवही लागतो. गावात अशी संस्था नसेल तर जिल्ह्यातल्या चांगल्या संस्थेला सोबत घ्या, पण करार लेखी करा. कोण किती खर्च करणार, यंत्र कोणाचं, मोजणी कोण घेणार, हे त्यात असू द्या.

गावानं स्वतःची संस्था काढावी का?

एका तलावासाठी संस्था काढायची गरज नाही. ते काम ग्रामपंचायतीच्या नावावर होऊ शकतं. पाच-दहा वर्षं काम करायचं असेल, गावात हिशोब ठेवणारं माणूस असेल, तरच संस्था काढा. धर्मादाय आयुक्त कार्यालयात नोंदणी, पॅन, बँक खाते, दरवर्षीचं लेखापरीक्षण, नीती आयोगाच्या दर्पण संकेतस्थळावरची नोंद, मग १२ए आणि ८०जी, असा तो रस्ता आहे. लेखापरीक्षण एक वर्ष जरी चुकलं तरी पुढं प्रत्येक ठिकाणी विचारणा होते.

परदेशातल्या संस्थेकडून पैसा घ्यायचा असेल तर परकीय निधी नियमन कायदा, २०१० लागू होतो. त्याची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना परदेशी संस्थेकडून एक रुपयाही घेता येत नाही. अशी नोंदणी असलेल्या संस्थेला तो पैसा पुढं दुसऱ्या संस्थेला वाटताही येत नाही, २०२० च्या दुरुस्तीनं ते बंद झालं. "परदेशी फंड मिळवून तुमच्या मंडळाच्या खात्यात टाकतो" असं कोणी म्हणत असेल तर तिथंच हात जोडा.

दोन पानांचा प्रस्ताव: यात काय असावं

जाडजूड फाईल कोणी वाचत नाही. दोन पानं पुरतात:

- गावाचं नाव, तालुका, लोकसंख्या, कुटुंबं
- अडचण काय, आकड्यांत: तलाव कधी बांधला, पाणी पूर्वी कोणत्या महिन्यापर्यंत टिकायचं, आता कधी आटतं, किती विहिरींवर परिणाम होतो, टँकर किती दिवस लागतो
- जागा: गट नंबर, क्षेत्र, मालकी, मोबाईलनं घेतलेलं लोकेशन
- काम काय करणार आणि त्याचं मोजमाप
- खर्च: प्रत्येक बाब वेगळी. यंत्र, इंधन, मजुरी, रोपं, कुंपण, पाणी, राखणदार
- गावाचा वाटा: वर्गणी, श्रमदान, ट्रॅक्टर
- दुसरीकडून किती मागितलं किंवा मिळालं
- देखभाल कोण, किती वर्षं
- यश कसं मोजणार: विहिरीची पातळी, जगलेल्या झाडांची संख्या

सोबत ठराव, सातबारा, नकाशा, अंदाजपत्रक आणि चार-पाच फोटो जोडा.

सगळ्यात मोठी चूक होते ती झाडांच्या खर्चात. रोप आणि खड्ड्याचा खर्च लिहिला जातो, पण दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यातलं पाणी, कुंपण आणि राखणदाराचा पगार लिहिला जात नाही. मग उद्घाटनाचा फोटो राहतो आणि पुढच्या मे महिन्यात नुसती आळी दिसतात. हजार रोपं लावून पन्नास जगवण्यापेक्षा दोनशे लावून दीडशे जगवणं केव्हाही चांगलं. पैसे देणाराही हल्ली तेच विचारतो.

दुसरी चूक म्हणजे एकाच कामाचे पैसे दोन ठिकाणी दाखवणं. गाळाचे पैसे योजनेतून घेतले आणि तोच खर्च कंपनीला दाखवला तर ती फसवणूक ठरते. दोघांचा पैसा एका तलावावर आणता येतो, पण कामं वेगळी दाखवावी लागतात. समजा, गाळ योजनेतून काढला तर सांडव्याची दुरुस्ती आणि काठावरची झाडं कंपनीकडून, असं वाटून घ्या.

"फंड मिळवून देतो" म्हणणाऱ्यांपासून सावध

मोबाईलवर हल्ली मेसेज फिरतात: अमुक कंपनीचा कोट्यवधीचा सीएसआर मंजूर आहे, प्रोसेसिंग फी भरा. लेटरहेड असतं, शिक्का असतो, कधी मंत्रालयाचं नावही असतं. काही साध्या खुणा लक्षात ठेवा. अनुदान देणारा आधी फी मागत नाही. कंपनी टक्केवारी रोखीत परत मागत नाही. "आम्ही दोन कोटी देतो, तुम्ही दीड कोटी रोख परत करा" हा प्रकार म्हणजे काळा पैसा पांढरा करणं आहे आणि गुन्ह्यात नाव संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचं येतं. कोरा चेक, कोरं लेटरहेड किंवा ओटीपी कोणालाच देऊ नका. शंका आली तर त्या कंपनीच्या मुख्य कार्यालयाचा नंबर स्वतः शोधून फोन करा, मेसेजमधल्या नंबरवर नको. पैसे गेलेच तर १९३० या सायबर हेल्पलाईनवर लगेच कळवा.

सरकारी योजनेचा मूळ शासन निर्णय राज्य सरकारच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतो. तो मराठीत असतो. एजंटला विचारण्याआधी तो वाचा. अर्जाचं काय झालं ते कळत नसेल तर माहिती अधिकारात दहा रुपये शुल्क भरून विचारा, साधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

वर्षाचं गणित

ऑगस्ट-सप्टेंबर: शिवारफेरी काढा, जागा बघा, सातबारे गोळा करा.
२ ऑक्टोबर: ग्रामसभेत ठराव, आराखड्यात नाव.
नोव्हेंबर-डिसेंबर: अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, कंपन्यांच्या भेटी.
जानेवारी-मार्च: पाठपुरावा. आर्थिक वर्ष संपत आल्यानं शिल्लक निधीचा विचार याच काळात होतो, त्यामुळं ज्याची फाईल तयार असते त्याला संधी मिळते.
एप्रिल-मे: गाळ, चर, खड्डे.
जून-जुलै: लागवड.

मे महिन्यात जागं होऊन त्याच मे महिन्यात काम होत नाही, ते यामुळं.

पैसा आल्यावर

वेगळं बँक खातं ठेवा किंवा निदान वेगळी वही. प्रत्येक खर्चाचं बिल घ्या. कामाआधी, काम चालू असताना आणि काम झाल्यावर एकाच जागेवरून फोटो काढा. किती आले, किती गेले, ते चावडीवर फळ्यावर लिहा. गावात संशय आला की काम बंद पडतं आणि तो संशय काढायला फळ्यापेक्षा चांगलं साधन नाही. काम संपल्यावर विनियोग प्रमाणपत्र वेळेत द्या. एक हिशोब नीट दिलेल्या गावाला दुसऱ्यांदा कोणी फार प्रश्न विचारत नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. तिथं पैसा सरकारी योजनांचाच होता, आदर्श गाव योजनेचा आणि रोजगार हमीचा. त्या योजना इतर गावांनाही होत्या. फरक पडला तो गावानं घातलेल्या नियमांनी: कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान, शेतीसाठी बोअरवेल नाही, आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून मगच पिकं ठरवायची. साठलेलं पाणी सगळ्यांचं, हे गावानं पाळलं.

म्हणून येत्या ग्रामसभेला जाताना एकच कागद खिशात ठेवा, आपल्या तलावाचा किंवा गायरानाचा सातबारा. तो मिळवायला फार खर्च येत नाही आणि पुढची सगळी फाईल त्याच कागदावर उभी राहते.